लाईट हाय

माझ्या घरातल्या कॉम्प्युटरवर माझी वेबसाईट चालते हे ऐकून हसणाऱ्यांची मला आता सवय झाली आहे. हसणारा आधी माझ्या मिशीकडं बघतो, मग पायातल्या चपलेकडं, आणि मग विचारतो, "आबा, वेबसाईट म्हंजे काय ते तरी ठावं हाय का?" मी उत्तर देत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढं जे शिकलो ते हाताला चटके बसून शिकलो. त्यांच्यासारखं गाईड वाचून पास झालो नाही.

धंदा मोटार रिवायंडिंगचा. उंब्रजच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी आमचा मळा, मळ्यातच घर आणि घराला टेकून पत्र्याचं दुकान. जळलेल्या मोटारीतली जुनी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत वाळवायची, यात जन्म गेला. डोळे मंद झाल्यापासून काम कमी घेतो. बंद केलेलं नाही. आबानं दुकान बंद केलं असं कोण सांगत असेल तर त्यानं आपली मोटार घेऊन यावं.

कॉम्प्युटर भंगारातला. तांब्याची जुनी तार न्यायला भंगारवाला माझ्याकडं येतो, त्याच्या टेम्पोत एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासचे डबे होते. त्यातला एक उतरवून घेतला. त्याचा सप्लाय जळाला होता, तो मी बसवला. पुढचं काम मुलाचं. तो पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. दुकानाचं एक पान करून देतो म्हणाला, पण ते ठेवायचं कुठं तर कुठल्या तरी लांबच्या कंपनीच्या मशीनवर, वर्षाचं भाडं भरून.

"माझ्या दुकानाची पाटी मी लोकाच्या भिंतीवर का लावू?" मी म्हणालो.

"आबा, त्यांची मशीन कायम चालू असतात. आपल्या मळ्यात लाईटचा पत्ता नसतो."

"लाईट नसती तवा दुकान बी बंदच असतंय. मंग पाटी बघून करायचंय काय?"

त्यानं सुट्टीत बसून सगळं जुळवलं. इंटरनेटची तार देणारा म्हणाला, घरगुती लाईनवर हे चालत नाही, वरून परवानगी नाही. मी त्याच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसलो. चहा नको, पाणी नको, नुसता बसलो. दुपारी त्यालाच जेवायला जायचं होतं, आणि माझ्यामुळं शटर ओढता येईना. तेव्हा ते चालायला लागलं.

आता लाईटचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथंच अडकलेलं आहे. गावात लाईट बऱ्यापैकी असते. आमच्या मळ्याला शेतीची लाईन. ती आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असा कागद लाईटवाले देतात. त्या कागदाला मी भजी खाल्लेला हात पुसतो. दिवसा म्हणजे दिवसात कधीही येणार, आल्यावर कधीही जाणार. माणूस चढ चढून विहिरीवर पोचतो, स्टार्टर दाबतो, आणि मोटार मेलेली. परत खाली या. फोन केला तर साहेब जागेवर नाहीत. आमच्या अख्ख्या जन्मात साहेब जागेवर सापडला नाही.

घरातला दिवा एका फेजवर मिणमिणतो, पण विहिरीच्या मोटारीला तीन फेज लागतात. मी कॉम्प्युटर मोटारीच्याच पॅनलवर जोडला, कारण घरात भरवशाचं असं तेवढंच आहे आणि ते मी स्वतः बांधलेलं आहे. तीन फेज आले की पॅनल करंट पुढं सोडतं. एक जरी गेला तरी सगळं तोडतं. करंट आला की कॉम्प्युटर आपोआप उठणार, गेला की आडवा पडणार. लोक म्हणायचे, आबाची वेबसाईट उघडी कमी आणि बंद जास्त. मी म्हणायचो, तुमची कुठं हाय?

माझ्या भावकीतली एक वहिनी आहे. चुलत भाऊ गेल्यापासून शेत एकटी करते. घर तिचं गावात आणि रान ओढ्यापलीकडं, चढावर. माहेर दुष्काळी माणातलं, त्यामुळं पाण्यापायी चालायचं तिला नवल नव्हतं, पण आता एक गुडघा कामातून गेलाय. तिचा पुतण्या त्या रानावर डोळा ठेवून आहे. काकू, वाट्यानं द्या, तुमच्यानं होत नाही, असं दर सणाला येऊन सांगतो. तिचं उत्तर ठरलेलं असायचं: "माझा गुडघा गेलाय, रान न्हाई गेलं." मोबाईलवरून मोटार चालू करायची यंत्रं मिळतात, मीच बसवून देतो. पण मोटार चालू होऊन काय, सरीसरीतून पाणी फिरवायला, दारं धरायला माणूस बांधावर लागतो. तो माणूस म्हणजे ती एकटी.

एका सकाळी ती दुकानापुढून चालली होती. वाकून म्हणाली, "भाऊजी, तुमचं पान उघडलं म्हणून निघाले."

"कसलं पान?"

"आवं, तुमचं. मोबाईलमदलं. ते उघडलं की मळ्याला लाईट असती, न्हाई उघडलं की नसती. लय दिस बघतीया मी. एकदाबी फसवलं न्हाई. आता पान उघडल्याबिगर मी घरातनं पाय काढत न्हाई."

मी पकड खाली ठेवली. "मी मुद्दामच तसं केलंय," मी म्हणालो.

"व्हय, दिसतंयच की," वहिनी म्हणाली आणि गेली.

त्याच दिवशी मी पानावरचं सगळं पुसलं. दुकानाचं नाव, रेट, मुलानं कुठून तरी आणून चिकटवलेला मोटारीचा फोटो, सगळं. मोठ्या अक्षरात दोनच शब्द ठेवले: लाईट हाय. खोटे असतील तेव्हा ते दोन शब्द कुणाला वाचताच येत नाहीत. पेपरात, भाषणात, लाईटच्या बिलावर, कुठंही असं एक वाक्य दाखवा. मी दुकान लिहून देतो.

या लाईनवरची सगळी रानं ते पान बघायला लागली. आमचा वायरमन एकदा गाडी थांबवून म्हणाला, "आबा, आधी लोकं नुसत्या शिव्या द्यायची. आता पुराव्यानं देत्यात." मी म्हणालो, बस, चहा घे. त्याच्यावर माझा राग नाही. खांबावर तो चढतो, साहेब चढत नाही.

मग गेल्या वर्षीच्या गणपतीला मुलगा आला. आल्याआल्या दुकानात काहीतरी खुडबूड करत होता. मी आरतीच्या गडबडीत. तो गेला, आणि काही दिवसांनी वहिनी दुकानापुढून जाताना थांबायची बंद झाली. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. एकदा गिरणीत गाठ पडली. दळण ठेवायला चार बायका होत्या, त्यांच्यापुढं म्हणाली, "भाऊजी, तुमचं पानबी आता पुढाऱ्यावाणी झालं. कवाबी बघा, हाय, हाय, हाय."

"माझं पान खोटं बोलत न्हाई," मी म्हणालो.

"तर मंग माझा गुडघा खोटं बोलत आसंल. सोमवारी चढून गेले, लाईट न्हाई. बुधवारी गेले, न्हाई. काल तर पुतण्या बांधावर बसून बघत हुता. म्हणतो, काकू, व्यायाम चाललाय व्हय."

बायका हसल्या. दळण तिथंच टाकून मी मळ्यात आलो. पॅनलवरचे तिन्ही दिवे विझलेले, आणि कॉम्प्युटर शेळीसारखा रवंथ करत बसलेला. टेबलाखाली बघितलं तर नवाकोरा इन्व्हर्टर आणि त्याला बॅटरी. घरच्या एका फेजवर भरत होता. मला कमी दिसतं हे त्या पोराला माहीत होतं, म्हणून वर पोतं टाकून ठेवलं होतं.

फोन लावला.

"ह्यो डबा कुणाला इचारून जोडला?"

"आबा, तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मान हलवली."

"मी आरतीत मान हलवत हुतो."

"अहो, सारखा झटक्यानं बंद पडून आतली डिस्क जाते. आणि वेबसाईट अशी बंद पडणं बरं दिसत नाही."

"कुणाला?"

"लोकांना."

"ती बंद पडती म्हणून तर लोकं बघत्यात, गाढवा."

मग मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. इतकी वर्षं कॉम्प्युटरची भाकरी खाणाऱ्या माणसाला हे सांगावं लागलं, याचा मला जास्त संताप आला. तरी तो पोरगा माझाच, लगेच मागं हटेना. म्हणाला, "मग इन्व्हर्टर राहू द्या. मी एक सेन्सर पाठवतो. लाईट असेल तेव्हा 'आहे' येईल, नसेल तेव्हा 'नाही' येईल. पान कायम चालू."

"नको."

"का नको? हे तर बरं आहे."

"दोन गोष्टी बोलणारा कवातरी एकीच्या जागी दुसरी बोलतो. माझं पान एकच बोलणार, न्हाईतर गप बसणार."

"आबा, गप बसण्याचा अर्थ लोकांनी काय लावायचा?"

"लावत्यात बरोबर. त्यांना तुझ्यापरास जास्त कळतंय."

फोन ठेवला आणि इन्व्हर्टर उपटला. तो घरात लावला. बायकोला मिक्सरला झाला, ती खूश. पान परत पहिल्यासारखं झालं. मी गिरणीत जाऊन, उंब्रजच्या बाजारात जाऊन, चहाच्या गाड्यावर उभं राहून सांगितलं, की मध्यंतरी पान बिघडवलेलं होतं, ते दुरुस्त झालं आणि यापुढं ते कुणाला फसवणार नाही. वहिनीच्या दारात जाऊन वेगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "बघू," म्हणाली. पण बघायला लागली. लाईट आली की थोड्या वेळानं ओढ्यापलीकडून तिच्या मोटारीचा आवाज यायचा. तिची मोटार मीच भरलेली आहे, आवाज मला ओळखू येतो.

मग खंडेनवमी आली.

मी काम शिकलो ते कराडात, एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली. उस्ताद कडक. त्यांच्या दुकानात वर्षातून एक दिवस हत्याराला हात लावायची बंदी होती, तो दिवस खंडेनवमीचा. सकाळी स्वतः झेंडू आणायचे, पकडी, हातोड्या, वायंडिंगचं मशीन धुवून-पुसून ओळीनं मांडायला लावायचे आणि म्हणायचे, वरीसभर ह्यांनी तुला जेवू घातलं, आज ह्यांना झोपू दे. उस्ताद गेले, पण मी एकही नवमी मोडली नाही. एकदा एक बागायतदार नवमीला जळकी मोटार घेऊन आला आणि दुप्पट देतो म्हणाला. मोटारीसकट परत पाठवला.

गेल्या वर्षीही तसंच केलं. सकाळीच पोत्यावर सगळी हत्यारं मांडली. कॉम्प्युटर बंद करून, पुसून त्यांच्या शेजारी ठेवला. बायकोनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं, कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. आतल्या खोलीत औंधच्या यमाईचा घट बसलेला, तिथं दिवा तेवत होता. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवशी लाईटवाल्यांना काय झालं होतं कोण जाणे. दिवसाची पाळी होती, आणि सकाळी आलेली लाईट दिवसभरात एकदाही गेली नाही. वर्षातून असं कधी होत नाही. ओढ्यापलीकडं मोटारीचा आवाज नव्हता. मला वाटलं, वहिनीनं पण नवमी पाळली. मला बरं वाटलं, तेही सांगतो.

दिवेलागणीच्या जरा आधी लाईट गेली. आणि वहिनी आली. गुडघ्यावर हात दाबत, उंबऱ्यावर टेकत, आत येऊन भिंतीला पाठ लावून बसली. बायकोनं पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं.

"आज दिसभर लाईट हुती म्हणं," ती म्हणाली.

"हुती," मी म्हणालो.

"मी दिसभर मोबाईल हातात घेऊन बसले. आत्ता वरच्या आळीचा गडी चिखलाचं पाय घेऊन आला, तवा कळलं. कांद्याची रोपं लावल्यात मी, भाऊजी. चार दिस झालं. दुसरं पाणी आजच द्यायचं हुतं. आत्ता बघून आले. सगळी माना टाकून पडल्यात."

"वैनी, आज खंडेनवमी हाय."

तिनं पोत्याकडं बघितलं. ओळीनं हातोडी, पकड, मीटर, आणि शेवटी माळ घालून बसलेला कॉम्प्युटर.

"म्हंजे ह्याला सुट्टी हुती."

"वर्षातनं एक दिस. आमच्या उस्तादाची शिस्त हाय. त्यात बदल न्हाई."

"मी कुठं म्हणते बदला. लाईट नसली की हे गप, आन सुट्टी असली की बी गप. मी घरात बसून कसं वळखायचं?"

तिनं मुलाचाच प्रश्न विचारला होता. मला राग आला. मुलाचा आला, तिचा आला, लाईटवाल्यांचा तर होताच. ज्या दिवशी जायला पाहिजे होती त्या दिवशी नेमकी राहिली. मी आवाज चढवला. "एक दिस चालत यायचं हुतं. पान न्हवतं तवा काय करत हुतासा? मी काय लाईटच्या ऑफिसात नोकरीला हाय? पगार देतासा का मला?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी दारात येऊन सांगितलं म्हणून बघत हुते. उद्या दसऱ्याचं सोनं द्यायला पुतण्या येईल. व्हय म्हणून टाकते. करू दे वाट्यानं. माझी काय आता ताकद न्हाई रोज खरं-खोटं बघायची."

माझी बायको माझ्याकडं बघायला लागली. मी पोत्याकडं बघत म्हणालो, "हत्याराला एक दिवस झोप पाहिजे. एवढंच माझं म्हणणं हाय."

वहिनी उठत होती. भिंतीचा आधार घेऊन अर्धी उभी राहिली आणि आतल्या खोलीकडं बोट केलं. "आन त्यो दिवा? घट बसल्यापास्नं इझू दिला न्हाई न्हवं? जाऊबाई झोपंतनं उठून तेल घालत्यात."

"दिवा काय हत्यार हाय व्हय?"

"मंग तुमचं पान काय हाय?" ती म्हणाली, आणि उत्तराला न थांबता गेली. उतारावर तिला जास्त त्रास होतो. एक पाय टाकून थांबायची, मग दुसरा.

बायको दिव्यात तेल घालायला आत गेली. मी बसलो. एक बाई माझ्या घरात येऊन, माझ्या पोत्यासमोर, माझ्या उस्तादाच्या शिस्तीवर मला असं विचारते. तिला सुनवायला काहीतरी आठवावं म्हणून मी जेवण होईपर्यंत डोकं खाजवलं. आठवलं नाही. मग उठलो, कॉम्प्युटरची माळ काढून हातोडीवर ठेवली आणि तो पॅनलला जोडून ठेवला. करंट नव्हताच. तो आल्यावर बघू.

दसऱ्याच्या सकाळी मी चुलीपुढं चहा घेत होतो. घट अजून उठला नव्हता, हत्यारं फुलांखाली तशीच होती. पॅनलनं खट्ट केलं. पोत्यावरचा कॉम्प्युटर घुरघुरायला लागला. मी कप हातात धरून ओढ्याकडं कान दिला. काही नाही. बायको काही बोलणार होती, तिला मी हातानं गप केलं. चहाचं पार पाणी झालं. आणि मग पलीकडून तिची मोटार सुरू झाली.

संध्याकाळी पुतण्या आपट्याची पानं घेऊन तिच्याकडं गेला होता. तिनं पानं घेतली आणि त्याला सांगितलं म्हणे, की कांद्यात गेलेल्या जागी परत रोपं लावायची आहेत, यायचं असलं तर ये. तो आला नाही. आमच्याकडं सोनं द्यायला ती आली तेव्हा बायकोच्या हातात दिलं, माझ्या हातात दिलं, आणि पान, नवमी, दिवा, कशाचंही नाव काढलं नाही. एखादा शब्द बोलली असती तर मला तोडून बोलायला बरं पडलं असतं.

डिस्क मधे एकदा गेली. मुलगा म्हणाला होता तशीच गेली. मी दुसरी बसवली, त्याला कळवलं नाही.

यंदाच्या नवमीला मी हत्यारं पोत्यावर मांडली, कॉम्प्युटर तिथं ठेवला नाही. पॅनलपासून वायर ओढून तो आतल्या खोलीत नेला होता, घटाच्या अंगाला, दिव्याची झळ लागणार नाही असा. बायको ताट घेऊन आली तेव्हा तो चालू होता. ती थांबली.

"आवं, ह्याला सुट्टी न्हाई यंदा?"

"न्हाई."

"मंग कुकू लावू का नको?"

"लाव. पंख्याच्या जाळीत जाऊ देऊ नको."

तिनं बोटानं वरच्या पत्र्याला कुंकू लावलं. पत्रा गरम होता, तिनं बोट पटकन मागं घेतलं. दुपारी वहिनी दुकानापुढून वर गेली. पोत्यावरची हत्यारं तिला दिसली, त्यांच्यात काय नाही तेही दिसलं असणार. थांबली नाही, एक अक्षर बोलली नाही. या वयात माणसाला इतका ताठा बरा नव्हे. मी दारातच उभा होतो, तिची मोटार सुरू होईपर्यंत.